कशात बांधलीय

मत्रहच्या सूकमधून फोन येतो,
लोबानाचं तिसरं दुकान, सालिम बिन खल्फान.
"वेबसाइट कशात बांधलीय, एवढंच सांग बाई."
ज्याने बांधली तो गेला,
पासवर्ड त्याच्याबरोबर गेला,
आणि पहिल्या पानावर अजून
दोन ईदांपूर्वीची सवलत चालू आहे.

मी रुवीत, चौथ्या मजल्यावर,
एसीच्या गळक्या नळीखाली बादली ठेवून बसते.
माझं काम हेच :
घर बघून गवंडी ओळखायचा.

वरून काही कळत नाही.
वरून सगळ्या सारख्याच,
आपोआप सरकणारा मोठा फोटो, खाली तीन चौकोन,
कोपऱ्यात व्हॉट्सॲपचं हिरवं बटण.
म्हणून उजवी टिचकी. पानाचा सोर्स.
आता रंग नाहीत, फोटो नाहीत,
पाठ फिरवलेल्या भरतकामासारखे
नुसते धागे आणि गाठी.

वर्डप्रेस असती तर चौथ्या ओळीत सापडली असती.
ती लपत नाही. लग्नातल्या भांड्यांसारखी,
वाटीवरसुद्धा नाव घातलेलं.
ड्रुपल असती तर हेडरमध्ये निघाला असता
एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरातला एक रविवार,
पानाची मुदत संपल्याची तारीख म्हणून
कुणाचा तरी वाढदिवस.
इथे तसलं काही नाही.
जनरेटरची ओळ लोक पुसायला विसरतात,
याने पुसली होती. स्वच्छ,
पाट उचलल्यावर जमीन सारवावी तशी.

कुकीचं नाव बत्तीस अक्षरांचं, निरर्थक.
बरं.
पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ दिली,
पुढे लिहिलं ॲडमिनिस्ट्रेटर.
दार उघडलं नाही,
पण दार होतं,
आणि कडी ओळखीची.

"जूमला," मी फोनवर सांगितलं.
सालिम हसायलाच लागला.
"जुमला? ते तर माझ्या पाटीवर आहे!
घाऊक मिळेल, असं."
मग थांबून म्हणाला, त्याची मावशी झांझिबारची,
जेवायला किती माणसं ते मोजून झालं की म्हणायची, जुमला.
म्हणजे सगळे मिळून.
मला आठवली बाबांची पतपेढीची वही,
प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईत
जुमला रुपये, आणि पुढे दोन आडव्या रेघा.
हे मी त्याला सांगितलं नाही.
हिशेबाच्या गोष्टी गिऱ्हाइकाशी बोलू नयेत.

काम तिथे संपलं होतं.
तरी मी खाली खाली जात राहिले,
आणि चारशे बाराव्या ओळीला
एक शेरा दिसला, पानावर न उमटणारा.
अक्षरं इंग्रजी, भाषा नव्हे :
"हा कॉलम हलवू नकोस.
हलवलास तर खालचं सगळं घसरेल. मु. प."

कुणाला लिहिलं हे?
दुकानात मराठी वाचणारं कुणी नाही.
मागून येणारा आपल्यातलाच असेल
हे त्याने कशावरून धरलं?

"मुज्तबा," सालिम म्हणाला, "मुज्तबा परकार.
चहा बिनसाखरेचा प्यायचा, खजूर मात्र सहा.
गाव दापोली की काहीतरी.
व्हिसा संपला. तू ओळखतेस?"
"नाही," मी म्हटलं,
आणि ते खोटं आहे असं वाटत राहिलं.

संध्याकाळी अहवाल लिहिला.
जूमला, तीन पॉइंट चार, फार जुनी.
दुरुस्त होईल. ऐंशी रियाल.
शेऱ्याबद्दल काही लिहिलं नाही.

मग ब्राउझरमध्येच, माझ्यापुरता,
तो कॉलम जरासा हलवला.
खरंच घसरलं सगळं,
लोबानाच्या बरण्या, दुकानाचा पत्ता, नकाशा,
हिरवं बटण तर पार तळाला.

रिफ्रेश.

बादली भरत आली होती.
उठले.